चिमटीतलं बी

संत तुकाराम नगर, पिंपरी
९ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आत्यांना,

मिनलचा नमस्कार. तुमचं पत्र जूनमध्ये आलं होतं, उत्तराला फार उशीर झाला. रागावू नका. तुमचे कान गेल्यापासून फोनचा काही उपयोग उरला नाही. तुम्ही एकट्या गावात पत्राची वाट बघत बसता हे माहीत असूनही माझ्याकडून लिहिणं झालं नाही. मामंजी पोस्टात होते तेव्हा एक दिवस जरी टपाल थांबलं तरी त्यांना जेवण जायचं नाही, असं तुम्ही सांगितलं होतं. ते आठवून लाज वाटली.

इकडे सगळं ठीक आहे. ह्यांना चाकणच्या कंपनीत ओव्हरटाइम फार आहे, म्हणून त्यांच्याऐवजी मीच लिहिते आहे. मागच्या पत्रातही तुम्ही विचारलं होतं की ज्योतीरामचं अक्षर का नाही. त्याचं कारण एवढंच.

एक मागणं आहे. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत सकाळी दोन-तीन तास ऊन येतं. तिथे टोमॅटो लावून बघावेत असं मनात आलंय. नर्सरीत तयार रोपं मिळतात, पण मला बियांपासूनच करायचंय. तुमच्या परसातल्या चपट्या, आंबट टोमॅटोचं बी पाठवाल का? मला ह्यातलं काही म्हणजे काही येत नाही. बार्शीत आमच्या घरी तुळससुद्धा जगायची नाही. तेव्हा सगळं पहिल्यापासून लिहा.

तब्येतीला जपा.

तुमची सून,
मिनल

*

९ ऑगस्ट, संध्याकाळ

आत्या,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. सकाळचं टाकून आले. कुठेतरी खरं लिहावं म्हणून लिहिते आहे.

ह्यांचा हात गेला, आत्या. दोन जुलैला, दुसऱ्या शिफ्टला. पॉवर प्रेसमध्ये पत्र्याचा तुकडा अडकला होता, तो काढायला हात आत घातला आणि प्रेस खाली आला. हात आत असताना मशीन थांबवणारा सेन्सर आठवड्यापासून बंद होता, असं नवनाथ सांगतो. नवनाथ म्हणजे ह्यांच्याच लाइनवरचा मित्र, त्यानेच उचलून दवाखान्यात नेलं. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्याजवळचं बोट तेवढं राहिलंय.

तुम्हाला कळवायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली. मी म्हटलं, आई आहेत, कधीतरी कळणारच. तर म्हणाले, "तिला ऐकू येत नाही. मग सांगायचं कसं? असलं कागदावर लिहून पाठवायचं? ती एकटी तो कागद हातात धरून बसणार."

आता ते घरीच असतात. बोलत नाहीत. मोबाइल वाजला तर पालथा ठेवतात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, डाव्या हाताला बारीक कामं द्या, माती, बी, असं काहीतरी. म्हणून टोमॅटो. नाहीतर मला कुठे हौस.

*

मु. पो. कोंढारवाडी, ता. करमाळा
१९ ऑगस्ट

चि. सौ. मिनल हिला कस्तुराचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून लई बरं वाटलं. पुडीत बी घातलं हाय. पिकलेलं टमाटं कुस्करून दोन दिस ठेवलं, धुतलं, राखंत घोळून वाळवलं. चाळीसेक बिया असतील.

आता नीट वाच. डब्याला खालनं भोकं पाड, न्हाईतर पाणी साचून बी कुजतंय. माती भुसभुशीत पायजे, त्यात जुनं शेणखत. बी मूठभर फेकू नको. अंगठा आन पहिलं बोट, ह्या चिमटीत एकेक बी धरायचं आन नखाएवढ्या खोलीवर सोडायचं. वरनं माती चिमटीनंच भुरभुरायची, दाबायची न्हाई. पाणी हातानं शिंपडायचं, धार सोडायची न्हाई. आठ-धा दिसांत उगवतंय.

तुला जमलं न्हाई तर ज्योतीरामला दे. त्यो बारका असताना माझ्यासंगं वाफ्यात बसून बी टाकायचा. मोठ्या मानसाला जमायचं न्हाई असं त्याची बोटं करायची. त्याच्या बोटांत गुण हाय. ओव्हरटाइम झाल्यावर दमला तरी म्हणावं एवढं कर, आईनं सांगितलंय.

माझ्या परसात औंदा वांगी हायत, गवार हाय. टमाट्याचा वाफा बी चांगला हाय. मी ठीक हाय. माझी काळजी करू नको.

कस्तुरा

*

पिंपरी
५ सप्टेंबर

तीर्थरूप आत्यांना नमस्कार.

बी मिळालं. तुमचं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं.

पण झालं ते सांगायलाही संकोच वाटतो. पंचवीस ऑगस्टला दह्याच्या डब्यांत बी लावलं. अकरा दिवस झाले, काही नाही. रोज सकाळी दहाला ऊन आलं की हे डब्यांसमोर स्टूल घेऊन बसतात, ऊन सरकलं की डबेही सरकवतात. मलाही वाटायचं आज दिसेल, उद्या दिसेल. काल राहवलं नाही, चमच्याने एक डबा उकरला. बी होतं, पण बोटभर खाली. मऊ, काळं पडलेलं. दाबलं तर पाणी निघालं. दुसराही तसाच.

खोल गेलं असावं, आणि पाणीही माझ्याकडून जास्त पडलं. रोज वाटायचं, तहान लागली असेल. निम्म्या बिया अशा वाया गेल्या.

उरलेल्या बिया आता परत लावतोय. आणखी काय चुकतं ते लिहा.

मिनल

*

कोंढारवाडी
१४ सप्टेंबर

चि. सौ. मिनल हिला आशीर्वाद.

बी कुजलं तर कुजू दे. पहिल्यांदा समद्यांचं कुजतंय. टमाट्याला पाण्यापेक्षा ऊन जास्त लागतं. माती वरनं सुकलेली दिसली की मगच पाणी.

उगवल्यावर दाट झाली तर बारकी रोपं चिमटीनं खुडून काढ, जीव अडकवू नको. चार पानं आली की मोठ्या कुंडीत लावायची. तवा रोप देठाला धरायचं न्हाई, देठ दबलं की मेलं. पानाला धरायचं, तेबी अलगद, दोन बोटांनी. रोपं लांबट, पिवळी झाली तर ऊन कमी पडतंय असं समज.

एक इचारते. तू लिवलंस, सकाळी दहाला ज्योतीराम डब्यापुढं बसतो. रोज. मग कामाला कवा जातो? रात्रपाळी रोज असती व्हय? सहा म्हयनं झालं, त्याच्या हातची एक ओळ न्हाई. माझं काही चुकलं का? पाडव्याला त्यानं तिकडं चल म्हणलं तवा मी न्हाई म्हणले, त्याचा राग धरला का? त्याला म्हणावं, एक ओळ लिव. 'बरा हाय' एवढंच लिव.

कस्तुरा

*

पिंपरी
२ ऑक्टोबर

तीर्थरूप आत्यांना नमस्कार.

आधी चांगली बातमी. सात रोपं उगवली. सप्टेंबरच्या तेरा तारखेला सकाळी वाकलेले दोन देठ दिसले, टोकाला बियांचं टरफल तसंच चिकटलेलं. ह्यांनी मला हाक मारून दाखवलं. पुढच्या चार दिवसांत बाकीचे आले.

मग वाईट. रोपं तुम्ही म्हणालात तशीच लांबट झाली, उन्हाकडे मान काढून उभी. मोठ्या कुंडीत लावायला काढली त्या दिवशी बाल्कनीच्या कठड्यावर मांजर आलं आणि ट्रे पालथा झाला. चार रोपं मोडली. तीन कशीबशी लावली. ती जगतील असं वाटतं.

हे रागावलेले नाहीत. सध्या त्यांना कायम रात्रपाळी आहे, म्हणून सकाळी घरी असतात. खाली त्यांची ओळ आहे.

मिनल

आई, मी बरा आहे. काळजी करू नकोस. – ज्योतीराम

*

कोंढारवाडी
१० ऑक्टोबर

मिनल,

ती ओळ ज्योतीरामची न्हाई. त्याला मी पाटीवर लिवायला शिकवलंय. त्यो काळजीतला 'ळ' उलटा सुरू करतो, मी मारलं तरी त्यानं सोडलं न्हाई. तू त्याचं अक्षर बगून काढलंयस.

शेजारच्या पूनमकडनं त्याला चारदा फोन लावला. उचलत न्हाई.

माझ्या नवऱ्यानं तीस वर्षं गावात तारा वाटल्या. कुणाच्या घरी कसली तार चाललीय हे मला त्याच्या चालण्यावरनं कळायचं. तू माझ्यापासून काय लपवतीस ते मला सांग. मला दुसरं काई नको. माझा पोरगा हाय का न्हाई, एवढंच लिव.

कस्तुरा

*

पिंपरी
१५ ऑक्टोबर
(स्पीड पोस्टाने)

आत्या,

आहेत. तुमचा मुलगा आहे. हे पहिल्या ओळीत लिहिते. आता बसून पुढचं वाचा. पूनमला जवळ बोलवा.

दोन जुलैला कंपनीत प्रेसखाली त्यांचा उजवा हात सापडला. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं गेली. जखम भरली आहे. जिवाला धोका नाही, कधी नव्हता. पण त्या दिवसापासून ते कामावर गेलेले नाहीत. कंपनी म्हणते, गेटवर रजिस्टर घेऊन बसा. त्यावर हे फक्त म्हणाले, "रजिस्टर लिहायचं कशानं?" डाव्या हाताने लिहायचा सराव कर म्हटलं की उठून जातात.

तुम्हाला कळवायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली होती. ती मी आज मोडते आहे. घरात बसून हे लिहिणं शक्य नव्हतं, वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर बाकावर बसून लिहिते आहे.

आता टोमॅटोचंही खरं सांगते. तुमचं पहिलं पत्र त्यांनी वाचलं आणि पुडी घेऊन बाल्कनीत गेले. डाव्या हाताच्या चिमटीत बी धरायला गेले, ते घामाने बोटालाच चिकटायचं. झटकलं की दोन-दोन बिया पडायच्या, कुठेही. मग उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांत धरून बघितलं. ती बोटं मिटतात पण एकमेकांना भेटत नाहीत. शेवटी बी मातीवर ओतलं आणि पेन्सिलीने खाली ढकललं. म्हणून ते खोल गेलं. मी सगळं दारातून बघत होते. पुढे झाले नाही. पुढे झाले असते तर त्यांनी डबा फेकला असता.

मांजर आलंच नव्हतं. ट्रे त्यांच्याच हातून पडला. पानाला धरा, असं तुम्ही लिहिलं होतं. त्यांनी पानाला धरलं, पान तुटून हातात आलं, ते सावरायला गेले आणि ट्रे गेला. मी मोडलेली रोपं गोळा करायला वाकले तर म्हणाले, "राहू दे. माझ्या हाताला आता काही लागत नाही."

तुम्ही प्रेमाने लिहीत होतात, आत्या. तुम्हाला माहीत नव्हतं. पण प्रत्येक पत्रात चिमटी होती. ते वाचायचे आणि पत्र घडी घालून माझ्याकडे द्यायचे. मला काय करावं कळत नव्हतं, अजून कळत नाही.

तुम्हाला शक्य असेल तर या. पूनमच्या हातून कळवलंत तर मी स्टँडवर उभी राहीन.

मिनल

*

पिंपरी
३ नोव्हेंबर

तीर्थरूप आत्यांना नमस्कार.

दिवाळी झाली. तुमचं काहीच आलं नाही. स्पीड पोस्ट पोचल्याचा मेसेज मोबाइलवर आला होता. रोज दुपारी खाली जाऊन पत्रपेटी बघते. पूनमलाही फोन केला. "बऱ्या आहेत" एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. आम्हीच गावी यावं म्हटलं, तर हे घराबाहेर पडत नाहीत, आणि ह्यांना एकटं सोडून मला निघता येत नाही.

तुम्हाला कळवलं हे मी त्यांना सांगितलं. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आईचं काय आलं?" काही नाही म्हटलं. त्यानंतर तेही रोज विचारतात. मी तेच उत्तर देते. काल तर विचारलंही नाही, नुसतं माझ्या हाताकडे बघितलं.

मी चूक केली का? तुम्हाला काही झालं का? तुमच्यावर एवढं मोठं ओझं कागदातून टाकलं आणि आता तुमचं काय झालं हे बघायलाही मी तिथे नाही. काही लिहा. शिव्या लिहा.

तीनपैकी एक रोप मेलं. दोन कमरेएवढी झाली आहेत, पिवळी फुलं आली आहेत. त्यांना काठीला बांधायला हे दोरीचं एक टोक दातात धरतात, दुसरं डाव्या हातात. मला हात लावू देत नाहीत. चार दिवसांपूर्वी एका रोपाची वरची पानं आत मुडपायला लागली. चमच्यासारखी, बारीक, जाड. पाणी घातलं, खत घातलं, काही फरक नाही. पानाखाली पांढऱ्या बारीक माश्या उडतात. हे काय आहे?

मिनल

*

कोंढारवाडी
९ नोव्हेंबर

चि. सौ. मिनल हिला आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं तवाच वाचलं. मग उशाखाली ठेवलं. उत्तर लिवायला घेतलं की हात चालायचा न्हाई. पूनमवर रागावू नको, तिला मीच तसं बोलायला लावलं.

तू लिवलंस, या. मी लगेच निघाले असते, पोरी. चालत निघाले असते. पण मी जेष्ठापासून खाटंवर हाय. पाणी भरताना न्हाणीत पाय सरकला आन खुब्याचं हाड मोडलं. करमाळ्याला दाखवलं. डाक्तर म्हणला, पुण्याकडं पोरगा हाय तर तिकडं नेऊन ऑपरेशन करा, लौकर करा. मी पूनमला म्हणलं, पोराला कळवायचं न्हाई, त्यो ओव्हरटाइम करतोय, त्याची नोकरी मोडायची. पूनमच दोन टायमाचं करती. जूनमधी तुला आलेलं माझं पत्र, तेबी मी झोपूनच लिवलेलं हाय.

वांगी न्हाईत. गवार न्हाई. परसाकडं मी पाच म्हयनं झालं गेले न्हाई. पूनम म्हणती, समदं गवत वाढलंय. बी जे पाठवलं ते गेल्या साली वाळवून ठेवलेलं होतं.

म्हंजे तुमी माझ्यापासून लपवलं आन मी तुमच्यापासून. त्याच्या हाताला चिमटी न्हाई, आन मी त्याला दर पत्रात चिमटी, चिमटी लिवत बसले. दिवाळीभर मला दुसरं काई दिसलं न्हाई. मी आई असून मला पोराचा हात बगता येत न्हाई. उठताच येत न्हाई.

त्या रोपाला बोकड्या आलाय. पांढऱ्या माशीनं येतो. त्याला औषध न्हाई. त्यावर फळ धरणार न्हाई. उपटून टाक, न्हाईतर दुसऱ्याला बी लागंल.

हे पत्र त्याला दाखव. लपवू नको काई.

कस्तुरा

*

पिंपरी
१५ नोव्हेंबर

तीर्थरूप आत्यांना नमस्कार.

हे पत्र पोचेल तेव्हा हे बहुधा तुमच्यासमोर असतील. तरी लिहिते, म्हणजे काय घडलं ते तुम्हाला माझ्याकडूनही कळेल.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. त्यांनी बाल्कनीत उभं राहून वाचलं. मग आत येऊन मला म्हणाले, "पाच महिने. पाच महिने ती तशीच पडून आहे." मी काही बोलायच्या आत कपाटातली पिशवी काढली. जुलैपासून हा माणूस दवाखाना सोडला तर जिन्याखाली उतरला नव्हता. मी येते म्हटलं तर नको म्हणाले. पहाटे निघताना पिशवीची चेन त्यांना लागत नव्हती. मी तशीच उभी राहिले, ते तीनदा ओढून बघत होते. शेवटी उघडी पिशवी खांद्याला लावून निघाले. आज सकाळी साडेसहाची गाडी मिळाली. हात रुमालात गुंडाळलेला आहे. तिकीट कसं काढतील, गाडीत कोणी धक्का देईल का, चहा हातातून सांडेल का, हेच डोक्यात चाललंय. मागच्या मागे त्यांच्या कंपनीतल्या मित्राला, नवनाथला सांगितलंय, लागलं तर सुट्टी टाकून तो गाडी घेऊन येईल.

एका रोपाला तीन हिरवी फळं धरली आहेत. बोकड्याचं रोप उपटायला मी दोनदा गेले, पण ते त्यांना न विचारता माझ्याच्याने होत नाही.

त्यांच्या अंगातला शर्ट मीच घालून दिला होता, पण बटणं त्यांनी लावू दिली नाहीत. वरची दोन उघडीच आहेत. तुम्ही बघा.

मिनल

*

कोंढारवाडी
२२ नोव्हेंबर

चि. सौ. मिनल हिला अनेक आशीर्वाद.

फोनवर त्यानं तुला सांगितलंच असंल, की पुढल्या रविवारी नवनाथ गाडी घेऊन येतोय आन मला तिकडं दवाखान्यात नेणार. डाक्तर आता काय म्हणतील ते ठाऊक न्हाई. उशीर झालाय, हे मला कळतंय. तिसऱ्या मजल्यावर मला कोण चढवणार, म्हणले. त्यानं आपल्या छातीवर हात ठेवला. एका मानसाचं करता करता तू दमलीस, आता दोन होत्यात. माझ्यानं न्हाई म्हणवलं न्हाई, माफ कर.

पण फोनवर त्यो सांगणार न्हाई ते मी लिवते.

त्यो आला तवा मला कळलंच न्हाई. माझं तोंड भिंतीकडं हुतं. वळले तर उंबऱ्यात त्याचे पाय दिसले. उजवा हात पाठीमागं. मी म्हणलं, हात दाव. त्यानं मान हलवली. पुन्हा म्हणलं न्हाई. मला उठून त्याच्याकडं जाता येईना, आन त्यो जवळ येईना. मग पूनम चहा घेऊन आली म्हणून त्यो आत आला.

दोन दिस त्यो काई बोलला न्हाई, म्हंजे काई लिवलं न्हाई. मला सांगायचं तर लिवूनच सांगायला लागतंय ना. खुणा करायचा. मी मुद्दाम समजत न्हाई असं दाखवलं. पाण्याची खूण केली की पांघरूण मागायची. तिसऱ्या दिशी त्याला राग आला. कॅलेंडरचं पान फाडलं, डाव्या मुठीत पेन धरलं, लेकरू धरतं तसं, आन लिवलं, 'पाणी का?' एवढ्याला केवढा वेळ. अक्षरं कागदाबाहेर गेली. मी म्हणलं, व्हय, पाणी. त्या पानावर आता जागा उरली न्हाई.

बटणं मी लावली. आधी हात मागं घेतला, मग खाटंच्या कडंला बसला आन गळा पुढं केला. तवा हात बघितला. मांडीवर घेतला. तू लिवलं हुतंस तसाच हाय. मला वाटलं हुतं मी रडीन, पण न्हाई रडले. गार होता, म्हणून चोळत बसले. तुला लावू देत न्हाई म्हणून तू मनाला लावून घेऊ नको. बायकोसमोर त्याला मोठं ऱ्हायचं असतंय. माझ्यासमोर तसं काई न्हाई.

रोज सकाळी त्यो मला दोन्ही हातांवर उचलून परसात नेतो. हातांत जोर हाय अजून. परसात नुसतं गवत हाय, पण ऊन लागतं. तुमच्या रोपाचं इचारलं. म्हणलं, बोकड्या आलेलं उपटायलाच लागंल, दुसरं वाचवायचं तर. त्यानं लिवलं, 'मी आल्यावर.' तवर तू हात लावू नको.

काल दुपारची गोष्ट. त्यो माझ्या पायाशी बसला हुता, भिंतीला टेकून. मला दिसलं, त्याचं तोंड हलतंय. बोलत हुता. माझ्याकडं बगत नव्हता, परसाकडं बगत हुता. मला ऐकू येत न्हाई हे त्याला ठाऊक हाय. तरी बोलत हुता, भरभर, मधीच थांबायचा, मग पुन्हा. प्रेसचं सांगत असंल. तुझं सांगत असंल. एकदा उजवा हात वर करून त्यानं काहीतरी दाखवलं, वरनं खाली येतंय असं. पूनम दारात आली, मी तिला डोळ्यानं परत धाडलं. ऊन भिंतीवरनं उतरस्तवर त्यो बोलत हुता.

त्यानं काय सांगितलं, मिनल, मला कायबी कळलं न्हाई. मी आपली मान हलवत ऱ्हायले.

तुझी आत्या,
कस्तुरा